जलाशयांतील शेती : ती कोणीं करावी व कशी?

दिवाळीची सुटी संपून शाळा उघडते, त्या दिवशीं हजेरीपट वाचतांना आम्हांस प्रतिवर्षीं एकच अनुभव येतो. आम्ही नांव पुकारतों आणि उत्तर येत नाहीं. मग शेजारच्या बांकावरील मुलगा उठून सांगतो, "सर, तो आईबापांबरोबर गुजराथेंत ऊंस तोडावयास गेला." असें एक नांव होतें, दुसरें होतें, आणि पुढील नांव उच्चारतांना आमचा आवाज आपोआप खालीं येतो. होळीच्या सुमारास यांतील कांहीं मुलें परत येतात. कांहीं मात्र केवळ होळीचा ढोल ऐकण्यापुरतींच येतात व पाटीपुस्तकांकडे पुनः वळत नाहींत.

ज्या जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून नर्मदा वाहते व ज्याच्या मध्यांतून तापी जाते, त्या जिल्ह्यांतील मुलांनीं पोटासाठीं परमुलखीं जावें, ही गोष्ट आमच्या मनास सदैव बोंचत आली आहे. तिजवर उपाय अनेक सुचविले जातात. आम्ही आज त्यांपैकीं एकाविषयींच चार शब्द लिहिणार आहों. तो उपाय म्हणजे पाण्यांतच शेती करणें, अर्थात् मासे वाढविणें. कोणी वाचक म्हणतील कीं, मासे पकडणें हा तर आमच्या नदीकांठच्या लोकांचा जुनाच उद्योग. त्यांत नवें तें काय? परंतु रानांतील कंद खणून आणणें आणि शेत नांगरून पेरणें यांत जितकें अंतर आहे, तितकेंच मासे पकडणें आणि मासे वाढविणें यांत आहे. पहिल्यांत सृष्टि देईल तें घ्यावयाचें असतें. दुसऱ्यांत बीं, खाद्य, निगा व कापणी या सर्वांचा भार मनुष्याच्या शिरावर येतो.

आमच्या जिल्ह्यास पाण्याचें हें क्षेत्र लाभलें खरें, पण तें फुकट लाभलेलें नाहीं. तापीवरील उकाईचें धरण १९७२ सालीं पुरें झालें व त्याचें पाणी नवापूरच्या बाजूस आपल्या हद्दींत शिरलें. पुढें नर्मदेवर सरदार सरोवराचें धरण उभें राहिलें. त्याच्या पाण्यानें अक्कलकुवा व अक्राणी या तालुक्यांतील ३३ गांवांस बाधा पोंचली. मणिबेलीच्या लोकांनीं १९९३ सालींच आपलीं घरें पाण्यांत जातांना पाहिलीं. १३८.६८ मीटर इतक्या पूर्ण उंचीच्या या धरणाचें लोकार्पण १७ सप्टेंबर २०१७ रोजीं झालें, आणि १९ सालच्या पावसाळ्यांत तें प्रथमच कांठोकांठ भरलें. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येकांच्या आजोबांनीं नांगरलेलीं शेतें आज त्या पाण्याच्या तळाशीं आहेत. तेव्हां ज्यांच्या शेतांवर हें पाणी उभें आहे, त्या पाण्यांतील शेतीवरही पहिला हक्क त्यांचाच असावा, असें आमचें स्पष्ट मत आहे. या लेखांत आम्हांस दोन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे : ही शेती कशी करावी, आणि ती कोणीं करावी? हे दोन प्रश्न वरवर निराळे दिसले तरी एकाच्या उत्तरावर दुसऱ्याचें उत्तर अवलंबून आहे, हें पुढें दिसून येईल.

प्रथम जगाकडे दृष्टि टाकूं. समुद्र अथांग असला तरी त्यांतील मासळी अथांग नाहीं, हें आतां सर्वमान्य झालें आहे. यांत्रिक नौका वाढल्या, जाळीं वाढलीं, परंतु समुद्रांतून मिळणाऱ्या मासळीचें मान गेल्या तीन दशकांत फारसें वाढलेलें नाहीं. उलट मनुष्यानें वाढविलेल्या मासळीचें मान सतत वाढत गेलें. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषि संघटनेनें १९२४ नव्हे, तर अगदीं अलीकडे म्हणजे २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें, २०२२ सालीं जगांत वाढविलेल्या जलचर प्राण्यांचें उत्पन्न ९ कोटी ४४ लक्ष टन झालें, व तें पकडलेल्या जलचरांहून अधिक भरलें. मानवजातीच्या इतिहासांत असें प्रथमच घडलें. अर्थात् मत्स्यशेती ही आतां कांहीं हौशी लोकांची करमणूक राहिलेली नाहीं. ती जगाच्या अन्नाचा एक आधारस्तंभ झाली आहे.

परंतु शेती म्हटली कीं ती चांगलीच असते असें नाहीं. आपल्या देशाच्या पूर्व किनाऱ्यावर १९९० नंतरच्या कांहीं वर्षांत कोळंबीच्या शेतीचें मोठें वेड पसरलें. भातशेतीच्या कडेस खाऱ्या पाण्याचीं तळीं खणलीं गेलीं, विहिरींचें पाणी खारट झालें, आणि तळ्यांतील घाण खाड्यांत सोडली गेली. तळ्यांत कोळंबीची इतकी दाटी केलेली होती कीं, १९९४-९५ च्या सुमारास पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला तेव्हां त्यानें तळींच्या तळीं साफ केलीं. अखेर ११ डिसेंबर १९९६ रोजीं सर्वोच्च न्यायालयास या शेतीवर कडक निर्बंध घालावे लागले.

इतकें दूर तरी कशास जावें? आमच्याच नवापुरांत फेब्रुवारी २००६ मध्यें काय झालें, तें अनेक पालकांस आठवत असेल. भारतांतील पक्ष्यांच्या तापाची पहिली सांथ तेथेंच आढळली. दाटीवाटीनें वाढविलेल्या लाखों कोंबड्या कांहीं दिवसांत मारून पुराव्या लागल्या, आणि कर्ज काढून धंदा करणारे पाहतां पाहतां हवालदिल झाले. एकाच जातीचे जीव एकाच जागीं कोंबून वाढविले असतां लाभ झपाट्यानें होतो, पण हानि त्याहूनही झपाट्यानें होते. हा धडा पाण्यांतील जीवांसही तंतोतंत लागू आहे. जलाशयांत पिंजरे टाकण्याची हौस ज्यांस आहे, त्यांनीं नवापूरचे ते दिवस विसरूं नयेत.

मग शहाणपणाची मत्स्यशेती कोणती? अलीकडच्या शास्त्रज्ञांनीं जे नवे मार्ग दाखविले आहेत, त्यांचें सार आमच्या मतें तीन गोष्टींत येतें.

पहिली गोष्ट अशी कीं, मासा कोणता वाढवावा हें त्याच्या चवीवरून ठरविण्यापूर्वीं त्याच्या आहारावरून ठरवावें. वर्गांत आम्ही हा विषय शिकवीत असतांना नर्मदाकांठच्या एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, पिंजऱ्यांतल्या माशाला दाणा घालतात, तो दाणा कशाचा करतात?" प्रश्न साधा, पण वर्माचा होता. मांसाहारी मासा वाढवावयाचा तर त्याच्या खाद्यांत समुद्रांतील लहान मासळीची कुटी घालावी लागते. म्हणजे एक मासा वाढविण्यासाठीं दुसरे अनेक मासे समुद्रांतून ओढून काढावयाचे, आणि वर म्हणावयाचें कीं आम्ही समुद्राचा भार हलका करीत आहों! या उलट कटला, रोहू व मृगळ हे आपल्या नद्यांचे मासे पहा. पाण्यांत तरंगणारे सूक्ष्म जीव, कोंवळी वनस्पति व तळाशीं कुजणारा पालापाचोळा यांवर त्यांचा निर्वाह होतो. वरून कांहीं द्यावयाचें झालें तर भाताचा कोंडा व भुईमुगाची पेंड पुरते. गरीबाच्या शेतीस असेंच पीक योग्य.

दुसरी गोष्ट, एकाच पाण्यांत निरनिराळ्या जातींचे मासे एकत्र वाढवावे. कटला वरच्या थरांत चरतो, रोहू मधल्या थरांत, आणि मृगळ तळाशीं. एकाच घराच्या तीन मजल्यांवर तीन कुटुंबें नांदावीं आणि एकाची चूल दुसऱ्यास आड येऊं नये, तसा हा प्रकार आहे. आमचा शेतकरी ज्वारीच्या तासांत तूर व मूग कां पेरतो, हें ज्यास कळतें, त्यास ही मिश्र मत्स्यशेती निराळी शिकवावी लागणार नाहीं.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. एका जीवाचें जें उत्सर्ग, तें दुसऱ्याचें अन्न व्हावें. समुद्रांत पिंजऱ्यांतील माशांच्या शेजारीं शिंपल्यांच्या माळा व समुद्रशेवाळ वाढविण्याची पद्धति चीन व कानडा या देशांत चालू आहे, आणि आपल्याकडेही तामिळनाडूच्या किनाऱ्यावर तिचे प्रयोग झाले आहेत. पिंजऱ्यांतून निसटणारें सूक्ष्म अन्न शिंपले गाळून घेतात, आणि पाण्यांत विरघळणारे क्षार शेवाळ शोषून घेतें. शिंपल्याची शेती तर खरोखर नवलाची आहे. काकई दोरास स्वतःच्या तंतूंनीं चिकटते व पाणी गाळून पोट भरते. तिला मूठभरही खाद्य घालावें लागत नाहीं. केरळांत कासरगोडच्या बाजूस स्त्रियांच्या गटांनीं हा उद्योग नांवारूपास आणला, आणि आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यांतही बचत गटांतील भगिनींनीं खाड्यांत कालवें, काकई व खेकडे वाढवून पाहिले आहेत. खेकडे हवे असतील तर तिवरांचें रान राखावें लागतें, हें त्यांस अनुभवानें कळलें. आणि ज्या रानापासून चूल पेटते त्याहून ज्या रानापासून घर चालतें तें रान मनुष्य अधिक जपतो.

हें सर्व ऐकून कोणास वाटेल कीं हा पाश्चात्त्यांच्या प्रयोगशाळेंतील शोध आहे. तसें नाहीं. गोव्याच्या खाजण जमिनींत पावसाळ्यांत भात व नंतर मासळी, असें दुहेरी पीक पिढ्यान् पिढ्या घेत आले आहेत. बांधांतील 'मानस' नांवाच्या दारानें भरती-ओहोटीचें पाणी आंतबाहेर सोडण्याची त्यांची युक्ति पाहून आजचे स्थापत्यशास्त्रज्ञही मान डोलवितात. केरळांत पोक्काळी भाताच्या खाचरांत कोळंबी वाढते. कलकत्त्याच्या पूर्वेस शहराचें सांडपाणी तळ्यांत घेऊन त्यावर मासे पोसतात, व त्या पाणथळ भूमीस २००२ सालीं आंतरराष्ट्रीय महत्त्वाचें स्थान म्हणून मान्यता मिळाली. पूर्वजांच्या या युक्तींस शास्त्राची जोड देणें, इतकेंच आपलें काम आहे.

आतां बियाण्याचा विचार करूं. आमचे कटला-रोहू हे बंद पाण्यांत आपण होऊन अंडीं घालीत नाहींत. त्यांस पावसाळ्यांतील वाहत्या नदीची ओढ असते. म्हणून पूर्वीं नद्यांतून पिलें गोळा करावीं लागत, व त्यांत नको त्या जातींचीही भेसळ होई. १० जुलै १९५७ रोजीं डॉ. हिरालाल चौधरी यांनीं ओडिशांत माशाच्या मस्तकांतील ग्रंथीचा अर्क टोंचून तळ्यांतील माशांस अंडीं घालावयास लाविलें. त्या एका टोंचणीनें देशाच्या मत्स्यशेतीचें भाग्य उघडलें, आणि म्हणूनच १० जुलै हा दिवस मत्स्यशेतकऱ्यांचा दिवस म्हणून पाळला जातो. परंतु मत्स्यजिरे मिळाले म्हणजे काम संपलें असें समजूं नये. इतकें लहान बीं विस्तीर्ण जलाशयांत सोडलें तर तें मोठ्या माशांची न्याहारी होतें. तें जपून बोटाएवढें, म्हणजे ज्यास आपण बोटुकली म्हणतों तेवढें, वाढवावें आणि मगच सोडावें.

येथें पिंजऱ्यांचा खरा उपयोग दिसून येतो. पुणें जिल्ह्यांत आंबेगांव तालुक्यांत घोड नदीवर डिंभें धरण आहे. तेथील विस्थापित आदिवासींनीं 'शाश्वत' या संस्थेच्या साहाय्यानें आपली मच्छिमार सहकारी संस्था काढिली, आणि मुंबईच्या केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेच्या मार्गदर्शनाखालीं पिंजऱ्यांत बोटुकली वाढवून ती जलाशयांत सोडण्याचा उपक्रम चालविला. 'शाश्वत'च्या एकंदर कार्यास २०१२ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचें 'इक्वेटर' पारितोषिकही मिळालें. पिंजरा हा येथें पाळण्याप्रमाणें वापरला आहे. त्यांत मूल वाढवून अंगणांत सोडावयाचें, जन्मभर कोंडून ठेवावयाचें नाहीं. आमच्या जलाशयांसही हीच रीत मानवेल असें आम्हांस वाटतें.

पिंजऱ्यांतच मासे विक्रीपर्यंत वाढविण्याची जी पद्धति सध्यां बोलबाल्याची झाली आहे, तिच्याविषयीं आमचे तीन आक्षेप आहेत. एक, न खाल्लेला दाणा व माशांची विष्ठा खालीं सांचून तळाचा प्राणवायु कमी होतो, आणि त्याच पाण्यावर माणसें व गुरें अवलंबून असतात. दोन, पिंजरे, जाळीं, दाणा यांस इतकें भांडवल लागतें कीं, कांठावरचा मनुष्य मालक न राहतां रोजंदारीचा राखणदार बनतो. तीन, पिंजऱ्यांत बहुधा परदेशी जाति घालतात, आणि पूर आला, जाळें फाटलें कीं त्या बाहेर पडतात. उजनी जलाशयांत चिलापीनें काय केलें तें पहा. ती वर्षांतून अनेक वेळां वितें, अंडीं तोंडांत धरून राखतें, आणि पाहतां पाहतां देशी माशांची जागा व्यापून बसते. आफ्रिकेंतील मांगूर तर बंदी असूनही चोरून वाढविला जातो. नर्मदेंतील महाशीर मासा धरणांनीं आधींच विरळ केला आहे. त्याच्या उरल्यासुरल्या घरांत असे आगंतुक घुसविणें हें पाप होय. पिंजरे मुळींच नकोत असें आम्ही म्हणत नाहीं. ते थोडे असावे, खोल व खेळत्या पाण्यांत असावे, त्यांत देशी मासे असावे, आणि त्यांचे मालक कांठावरचे असावे.

यावर एक आक्षेप येईल, व तो प्रामाणिकपणाचा आहे. "गरीब, अशिक्षित लोकांच्या हातीं एवढा जलाशय देऊन काय होणार? ते बारीक जाळीं टाकून चार दिवसांत तो ओरबाडून टाकतील. त्यापेक्षां एखाद्या भांडवलवाल्यास ठेका द्यावा; तो मजुरी तरी देईल." या आक्षेपास उत्तर नर्मदेच्याच खोऱ्यांत मिळतें. मध्यप्रदेशांत तवा नदीवर धरण आहे. १९९६ सालीं तेथील विस्थापित आदिवासींच्या तवा मत्स्य संघास त्या जलाशयाचा हक्क मिळाला. त्यांनीं स्वतः बीं सोडलें, पावसाळ्यांत विणीच्या दिवसांत मासेमारी बंद ठेविली, चोरट्यांवर पहारा ठेविला, व मासळी विकून आपसांत भाव ठरवून वाटणी केली. दहा वर्षें हा कारभार त्यांनीं चालवून दाखविला. २००६ सालीं तो हक्क पुढें चालू राहिला नाहीं. कारण तें क्षेत्र व्याघ्र प्रकल्पाच्या नियमांत आलें होतें, लोकांनीं जलाशय ओरबाडला म्हणून नव्हे. ठेकेदाराची नजर ठेक्याच्या मुदतीपलीकडे जात नाहीं. ज्याच्या नातवास त्याच कांठावर राहावयाचें आहे, तोच विणीच्या मासळीस सोडून देतो. पद्धतीचा व मालकीचा प्रश्न एकच आहे असें आम्हीं आरंभीं म्हटलें, तें याच कारणानें.

आमच्या नर्मदाकांठींही विस्थापितांच्या मच्छिमार सहकारी संस्था उभ्या राहिल्या आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु संस्था नोंदणीच्या कागदावर उभी राहणें निराळें व पायांवर उभी राहणें निराळें. संस्थेस हिशेब लिहिणारा पाहिजे, वजनकांटा वाचणारा पाहिजे, बर्फ व वाहन यांची तजवीज करणारा पाहिजे. कांठावर एकच व्यापारी येतो व तो सांगेल तो भाव घ्यावा लागतो, ही तक्रार आम्हीं पालकांच्या तोंडून वारंवार ऐकिली आहे. तिचें निवारण केवळ सरकारी योजनेनें होणार नाहीं. बाजारभाव वाचून, बेरीज करून, "हा भाव आम्हांस मान्य नाहीं" असें चौघांनीं मिळून म्हणण्याची शक्ति आली पाहिजे. ती शक्ति शाळेंत येते.

ज्या विद्यार्थ्यांचीं गांवें नदीपासून दूर आहेत, त्यांनींही हा विषय आपला नाहीं असें मानूं नये. शासनाच्या योजनेंतून अनेक शेतांवर शेततळीं झालीं आहेत. ३० मीटर लांब व तितक्याच रुंद तळ्याचें क्षेत्रफळ ९०० चौरस मीटर, म्हणजे नऊ आर होतें. हेक्टरी ५,००० बोटुकली हें मान धरिलें तर अशा तळ्यास ४५० बोटुकली पुरे. त्यांची वांटणी चारास तीन तीन या प्रमाणांत करावी : कटला १८०, रोहू १३५ व मृगळ १३५. नवव्या इयत्तेच्या विद्यार्थ्यांनीं हें त्रैराशिक स्वतः करून पहावें. तळें उन्हाळ्यांत आटत असेल तर पावसाच्या आरंभींच मोठी बोटुकली सोडावी, म्हणजे पाणी आहे तोंवर मासे विकण्याजोगे होतील. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडूं लागले, तर त्यांस भूक लागली असें समजून दाणा टाकूं नये. रात्रीं सूर्यप्रकाश नसल्यानें पाण्यांतील वनस्पति प्राणवायु निर्माण करीत नाहींत व सर्वच जीव तो वापरीत राहतात. म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो. अशा वेळीं दाणा बंद करून ताजें पाणी सोडावें. शास्त्राच्या पुस्तकांतील प्रकाशसंश्लेषणाचा धडा ज्यानें नीट वाचला, त्याचे मासे वांचतील.

आम्ही कांहीं असा भ्रम बाळगीत नाहीं कीं, मासे वाढविले म्हणजे जिल्ह्यांतील सर्व स्थलांतर एका वर्षांत थांबेल. ऊंसतोडीची उचल एकरकमी हातीं पडते. मासा वाढण्यास वर्ष लागतें. म्हणून पहिल्या वर्षीं संस्थेनें सभासदांस कांहीं आधार दिला पाहिजे, आणि पालकांनीं थोडा धीर धरिला पाहिजे. परंतु दिवाळीनंतर जाळें टाकावयास बाप घरीं राहिला, तर मुलगाही घरीं राहील, व घरीं राहिला तर शाळेंत येईल. आमचा स्वार्थ इतकाच आहे.

पुढील दिवाळीनंतर हजेरीपट उघडतांना आम्ही तेंच नांव पुनः पुकारणार आहों. "हजर" असें उत्तर यावें, आणि त्या मुलाच्या हातांस मासळीचा थोडा वास येत असला, तर शेजारच्यांनीं नाक मुरडूं नये. त्या वासांत त्याच्या आजोबांच्या बुडालेल्या शेताचें उत्पन्न आहे.